कल्लेवाल्याची सोयरीक

विलायतेतलं एक जुळत आलेलं लग्न मी इस्लामपुरात बसून मोडत आणलं. तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती, म्हणजे अक्कल यायला तशी काही हरकत नव्हती.

त्या वर्षी केबलवर दुपारी इंग्रजी मालिका लागायच्या, जुन्या कादंबऱ्यांवर काढलेल्या. घोडागाड्या, बायकांच्या परडीएवढ्या टोप्या, आणि बोलणं असं की एक अक्षर कळू नये. मला कळतं असं मी सांगायचे, कारण अख्ख्या गल्लीत इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेली मी एकटी. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. ती आणि शेजारच्या दोघी शेंगा फोडत बसायच्या आणि मी मराठीत गोष्ट सांगत जायचे. पाच शब्द कळायचे, पन्नास मी पदरचे घालायचे. गल्लीतला माझा सगळा मान त्या पंचावन्न शब्दांवर उभा होता.

आत्याचा जीव एका उंच, कल्लेवाल्या नटावर जडला होता. आधीच्या मालिकेत त्यानं एका गरीब पोरीला फसवून सोडलं, तेव्हा आत्यानं त्याला आठवडाभर शिव्या घातल्या. पुढच्या मालिकेत तो सज्जन होऊन आला. आत्याचं म्हणणं, पोरगा सुधारला, आता याच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघूनच मी डोळे मिटणार.

लग्न जुळतही आलं. तेवढ्यात नवरी होऊ घातलेली मुलगी त्याला ‘कझिन’ म्हणाली. हा शब्द मला पक्का येत होता. मी ऐटीत सांगितलं, चुलतभाऊ.

शेजारणीच्या हातातली शेंग हातातच राहिली. आत्यानं टीव्ही बंद करायला लावला. आमच्यात आत्याच्या मुलाशी लग्न चालतं, मीच आतेभावाला दिलेली. पण चुलतभावाला राखी बांधायची असते.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद, आत्याच्या ताटात भाकरी निम्मी तशीच. शब्द चुकला म्हणावं तर माझं इंग्रजी जातं. बरोबर म्हणावं तर आत्याचा कल्लेवाला जातो. मी बराच वेळ भांडी घासत विचार केला आणि येऊन सांगितलं, तो लहानपणीच मुलीच्या आत्याला दत्तक गेलाय. म्हणजे झाला की आतेभाऊ. आत्याचा चेहरा उजळला. टीव्ही लागला.

चार दिवस बरे गेले. मग मुलीचा बाप वारला आणि बंगला, जमीन सगळं कल्लेवाल्याकडं आलं. एक शेजारीण पडली ऊसवाल्या, जमिनीच्या वाटण्यांत मुरलेल्या घरातली. तिनं विचारलं, दत्तक गेलेल्याचं नाव चुलत्याच्या उताऱ्यावर चढलं कसं? मी म्हटलं, तलाठी ओळखीतला असेल. ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

शेवटच्या भागाला नेमकी साताऱ्याहून लेक आली. ती तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. मी तिला वांगी चिरायला बसवून बघितलं, पण आत्यानं हाताला धरून टीव्हीपुढं नेलं आणि तलाठ्यानं हे केलं तरी कसं ते विचारलं. लेकीनं थोडा वेळ ऐकलं. म्हणाली, दत्तक कुठला, हा तिच्या आत्याच्या पोटचाच मुलगा आहे. कझिन काय, चुलत, आते, मामे, सगळ्यांनाच म्हणतात.

म्हणजे मी त्याला त्याच्याच आईला दत्तक दिला होता.

लग्न झालं. चर्चच्या घंटा वाजल्या. शेजारणी पदर तोंडाला लावून, माझ्याकडे न बघता घरी गेल्या. पडद्यावर नावं वर सरकून संपेपर्यंत आत्या हात जोडून बसली होती. मग टरफलं गोळा करता करता माझ्याकडे वळली.

"तुला सून करून घेताना समदी म्हणत हुती, भावाची पोरगी लय शिकलीया, डोईजड व्हईल. मी म्हणलं, शिकलीया खरी, पर कळत काय न्हाई तिला. नांदंल."