उदाचा धूर

गुडीहत्नूरच्या बाजारात ती झेंडूची फुलं विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकानं फुलांना नावं ठेवली, की ती एक फूल त्याच्या नाकाला लावायची आणि म्हणायची, “हुंग, मंग बोल!”

त्या दसऱ्याला मी माझी जुनी मोटार तिच्या दुकानासमोर उभी केली, हार घातला, पुढं ऊद जाळला आणि हात जोडले. शेजारीच कापसानं भरलेली बैलगाडी होती. धूर वाढत गेला, तसं लोकांना माझ्या भक्तीचं कौतुक वाटू लागलं.

तिनं मात्र नाक वर केलं. “हा उदाचा वास नाही! गाडी जळून राह्यली, अन् तू हात जोडून काऊन उभा?”

“गाडी बंद हाय, मावशी. किल्ली खिशात हाय.”

तिनं ऐकलंच नाही. मी बॉनेट उघडेपर्यंत ती फुलांवरचं ओलं गोणपाट हाताला गुंडाळून आली. गाडीतल्या टेपची वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेली होती, म्हणजे किल्ली काढली तरी तिच्यात वीज होतीच. ती घासून उघडी पडली होती आणि आता वितळत होती. तिनं बॅटरीवरची तार हिसका देऊन उपटली आणि नागाचा फणा धरावा तशी साऱ्या बाजाराला दाखवली. धूर विरला, कापूस वाचला आणि असा जल्लोष झाला की बैल बुजले.

आजही गाडी उभी केली, की मी आधी बॅटरीची तार काढतो.

त्या दिवशी तिला सोनं देऊन मी पाया पडलो, तेव्हा ती खदखदून हसली.

“देवाले धूर आवडते रे पोरा, पण गाडीचा नाही!”