पाटावरचं मासिक

बद्रीनाथ मास्तरला अकरा वर्षं भाकरी मी घातली. त्याच्याबद्दल विचारायचं असलं तर मला विचारा. बाकीचे काय सांगतात ते ऐकून घ्या आन सोडून द्या.

आमचं गाव तीर्थपुरीपासून दोन कोसावर. निजामाच्या राज्यात मास्तर आमच्या सरकारी शाळेवर आल्ता, बीडाकडून, एक पत्र्याची पेटी घेऊन. बायको पहिल्याच बाळंतपणात गेल्ती. मागं-पुढं कोणी न्हाई. दिवसभर पोरांना उर्दू शिकवायचा आन शाळा सुटली की खोलीत बसून मराठीत लिहायचा. मी ताट घेऊन गेले तरी मान वर करायचा न्हाई. एकदा मला असा राग आला, मी ताट उचलून परतच निघाले. तवा कुठं तोंडातून शब्द निघाला.

"गोजरबाई, बसा जरा. मला कोणीतरी ऐकायला पाहिजे."

मला अक्षर येत न्हाई, कदाचित म्हणूनच मला बसवलं. तो खुनाच्या गोष्टी लिहायचा. पुण्याच्या एका मासिकात छापून यायच्या, पण भलत्याच नावानं. सरकारी नोकरानं परवानगीबिगर बाहेरच्या मुलखात काही छापायचं न्हाई, कळलं की नोकरी गेली. त्याच्या गोष्टीत मारामारी बिलकुल नसायची. एक माणूस मरायचा आन मागं राह्यलेल्यांच्या मनात काय चाललंय, तेच पानंच्या पानं. मी म्हणले, "मास्तर, ही कसली गोष्ट, हिच्यात कोणी पळून बी जाईना." तो हसला. लई कमी हसायचा बिचारा.

शाळेच्या समोर सगुणाबाईचं घर. तिचा नवरा कडूबा एका दिवसात उलट्या होऊन गेला. तिसऱ्या दिवशी ती कोरड्या डोळ्यांनी अंगण सारवायला बसली. मास्तरनं खिडकीतून बघितलं आन मला विचारलं, "ही रडत का नाही?" आता माझी जीभ कुठं गप बसते. मी सांगून टाकलं, की कडूबा तिला हातात येईल त्यानं हाणायचा, एकदा तर बैलाच्या जुवाच्या खुट्टीनं, मंग कशाला रडेल ती? एवढं बोलले आन भांडी घेऊन घरी आले.

पुढची गोष्ट त्यानं त्याच्यावरच रचली. मारकुटा नवरा, गप बसणारी बायको, भाकरीत धोतऱ्याचं बी. ते कोणी घातलं ते शेवटाला कळायचं. बायको, दीर, सासू, गावचा वैद्य, आन एकदाच पत्र लिहून द्यायला आलेला एक मास्तर, एवढीच माणसं. चार महिन्यांत चार तुकडे छापून येणार होते.

ते चातुर्मासाचे महिने होते. मारुतीच्या देवळात दुपारी पोथी लागायची आन ती मास्तरच वाचायचा, कारण बाळबोध अक्षर वाचणारं दुसरं होतंच कोण? आषाढात मासिक टपालानं आलं तसं त्यानं ते देवळात आणलं. पोथी संपल्यावर पोथीच्याच पाटावर ठेवून वाचलं. का, ते मला ठाऊक आहे. नाव सांगता येत नव्हतं, पण आपण लिहिलेलं ऐकताना लोक श्वास धरून कसे बसतात ते त्याला बघायचं होतं. आयुष्यात दुसरं सुख नव्हतं त्याला. द्वारकाबाई म्हातारीनं सवयीनं मासिकाला हळदकुंकू वाहिलं. मास्तरनं ते पुसलं न्हाई. तिथंच चुकलं.

पाटावरून जे वाचलं जातं ते घडलेलं असतं, असं आमचं गाव. श्रावणात बायका विहिरीवर कुजबुजायला लागल्या, की ही तर सगुणाचीच गोष्ट. भादव्यात तिसरा तुकडा झाला आन सगुणा आली की पोहरा वर ओढून सगळ्या निघून जायच्या. तिच्या घरचं पाणी कोणी पिईना. तिचा दीर पुंजाराम, माणूस वाईट न्हाई, पण घाबरला. त्यानं ठरवलं, दिवाळीच्या आत वहिनीला माहेरी घालवायची आन पोर इथंच ठेवायची. पोर सहा वर्षांची. माहेरी सावत्र भाऊ, तो हिला उंबऱ्याच्या आत तरी घेईल का, देव जाणे.

मास्तरचं तोंड उतरलं. देवळात म्हणाला, "अहो, हे खरं नाही. कोणीतरी रचलेलं आहे."

रखमाजी पाटील म्हणाले, "मास्तर, पोथी बी कोणीतरी रचलेलीच हाये ना? मंग ती काय खोटी?"

ताट घेऊन मास्तरच्या खोलीवर गेले तवा मी त्याच्यावर भडकले. म्हणले, "उद्या उभं राहून सांगा, मी लिहिलं म्हणून. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"नोकरीचं सोडा, गोजरबाई. भीती तिची वाटतेच, खोटं कशाला बोलू. पण मी लिहिलं म्हटलं की लोक विचारतील, एका बाईच्या मनातलं तुला कसं कळलं? तुझं तिच्याकडं जाणं-येणं होतं का? मग ती दोन्हीकडून मेली."

हे मला सुचलं नव्हतं.

चौथा तुकडा अजून पाठवायचा होता. दोन दिवस तो लिहून राह्यला आन फाडून राह्यला. सुटका एकच होती, पाटावरून दुसऱ्या कोणाचं तरी नाव निघायचं. दीर म्हणावं तर पुंजारामला चार लेकरं. सासू म्हणावं तर चतुराबाई आंधळी, सुनेच्या हातानं जेवणारी. वैद्य म्हणावं तर औषध द्यायला गावात राहील कोण? मी म्हणले, "साप चावला म्हणून लिहा की." तो म्हणाला, "तीन महिने विष लिहिलं. आता साप कोण ऐकेल?"

तिसऱ्या दिवशी त्यानं मला वाचून दाखवलं. विष मास्तरनं घातलं होतं. तो दूरगावचा, कोणाला त्याची माहिती न्हाई, आन त्याचं एक जुनं पाप त्या नवऱ्याला कळलं होतं. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ती निर्मळ होती. शेवटी गाव मास्तरला मारत बी न्हाई, धरून बी देत न्हाई. फक्त त्याच्याशी बोलणं सोडतं.

मी रडले, खोटं कशाला सांगू. त्यानं मला बेलभंडारा उचलायला लावला, की तो जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगायचं न्हाई.

अश्विनात त्यानं ते स्वतःच्या तोंडानं देवळात वाचलं. आवाज जरा बी हलला न्हाई. वाचून झालं, मासिक मिटलं. कोणी उठेना, कोणी बोलेना. मंग एकेक माणूस त्याच्याकडं न बघता बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगुणाला बायकांनी आधी पाणी भरू दिलं. पुंजारामनं वहिनीचे पाय धरले. पोर आईपाशी राह्यली.

आन मास्तरचं? पोथीत सांगितलेली शिक्षा गावानं शब्दनशब्द पाळली. पोरं शाळेत यायची, धडा म्हणायची आन निघून जायची. पुढच्या चातुर्मासाला कुंभार पिंपळगावाहून दुसरा पोथी वाचणारा आणला. मास्तर बाजारात गेला तर बागवान भाजी टोपलीत टाकायचा, तोंडानं भाव सांगायचा न्हाई, बोटं दाखवायचा. संक्रांतीला कोणी तिळगूळ दिला न्हाई. आठ वर्षं. मला बी लोक बोलले, पण माझ्या तोंडाला कोण लागतो? मी भाकरी बंद केली न्हाई. तो परत लिहायला बसला न्हाई. संध्याकाळी खोलीत गेले की म्हणायचा, "बसा ना जरा." आन मला घरी दहा कामं असायची. आता आठवलं की जीव जळतो. बसायला काय जात होतं माझं?

निजाम जायच्या आदल्या साली तो अंथरुणाला खिळला. एका दुपारी सगुणा माझ्या मागं मागं त्याच्या दारात आली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"मास्तर," ती म्हणाली, "मारत होता तरी माझा माणूस होता. त्यानं तुमचं काय केल्तं?"

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. मी ओठ घट्ट मिटले.

"चूक झाली, बाई," तो म्हणाला.

"देव करील माफ. मी न्हाई करणार." आन ती गेली.

मास्तर म्हणाला, "तिलाही खरं वाटलं, गोजरबाई. म्हणजे चांगलं लिहिलं होतं." आन लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांनी तो गेला. खांद्याला माणसं मिळेनात, फकरोद्दीन शिंप्यानं आन त्याच्या तीन भावांनी नेला.

तेराव्याला मी सगुणाकडं गेले. बेलभंडारा त्याच्या जिवापुरता होता, आता तो सुटला होता. ती दारात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. मासिक, चार तुकडे, तिची पोर, त्यानं स्वतःवर घेतलेला खून, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं.

मंग म्हणाली, "गोजरमावशी, एवढा माझा कळवळा होता, तर आधी माझ्यावरच काऊन लिहिलं त्यानं?"