पॅरिसवाल्यांचं ‘आपण’

आमच्या कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी माझ्या मराठी कार्यक्रमाच्या आधी फ्रेंच कार्यक्रम असायचा. तो चालवणाऱ्या माणसाला मेलबर्नजवळच्या वेरिबीतली समस्त मराठी मंडळी ‘पॅरिसवाले’ म्हणायची. तो पॅरिसचा नव्हता. फ्रान्सच्या उत्तरेला, सदा ढगाळ अशा कुठल्याशा गावात त्याच्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. सुरुवातीला तो प्रत्येकाला थांबवून हे समजावायचा, फोनवर नकाशासुद्धा दाखवायचा. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याने तो नाद सोडला. पॅरिस सगळ्यांना माहीत असतं, आमच्या गावाला कोण मत देणार, असं तो मला म्हणाला होता.

त्याच्या आयुष्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. त्याचा कार्यक्रम संपून माझा सुरू होईपर्यंत एक लांबलचक गाणं वाजायचं, तेवढ्यात तो सांगायचा. पोरवयात गावच्या रेडिओवर तो गुरांच्या बाजारातले भाव वाचायचा. त्यातून टीव्हीवर गेला, हवामान सांगायला. मग ऑस्ट्रेलियन बायकोच्या मागोमाग मेलबर्नला आला आणि इथल्या एका सकाळच्या कार्यक्रमात क्रेप करायला लागला. माझ्या आईने एकदा ते निरखून पाहिलं, ‘धिरडीच ती’ म्हणाली आणि विषय मिटवला. त्याचं इंग्रजी खरं तर माझ्यापेक्षा सफाईदार होतं, पण प्रोड्युसरची ताकीद होती की उच्चार सुधारायचे नाहीत. कित्येक वर्षं तो कॅमेऱ्यासमोर मुद्दाम अडखळत बोलला. कार्यक्रम बंद पडला तरी सुपरमार्केटमध्ये लोक त्याला अडवून ‘एकदा तसं बोल ना, mate’ म्हणायचे आणि तो बोलायचा. लोकांना काय ऐकायचंय हे त्याला नेमकं कळायचं. मला तेव्हा तो गुणच वाटला.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे कोणावर चटकन भरवसा टाकायचा माझा स्वभाव नाही. त्याच्यावर टाकला, कारण प्रश्न आईचा होता.

बाबा गेल्यावर मी आईला नाशिकहून इकडे आणलं होतं. पहिला हिवाळा तिने खिडकीत बसून काढला. मी सकाळच्या ट्रेनने सिटीत जाणार, अंधार पडल्यावर परतणार; मधल्या वेळात तिला हाक मारायलाही कोणी नाही. गाडी तिला येत नाही, बसला ती घाबरते. इथल्या ऐन थंडीत, जून संपता संपता, ती परत जायची भाषा करू लागली होती. मग घराजवळच्या काउन्सिलच्या हॉलमध्ये मराठी आजी-आजोबा गुरुवारी जमतात असा शोध लागला. आई चालत जाऊ लागली. भजनं, पत्ते, थोडी भांडणं. एका बाईशी तिने मोदकाच्या कळ्यांवरून अबोला धरला, तेव्हा मी निश्चिंत झाले. अबोला धरण्याइतकी ती इथे रुळली होती. परत जायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

आणि तेवढ्यात तो हॉल पाडून पार्किंग करायचं घाटत असल्याची कुणकुण लागली. पॅरिसवाले म्हणाले, मी निवडून आलो तर हॉल राहील.

मराठी लोकांसाठी मराठीतूनच बोलतो, असा त्याने हट्ट धरला. आमच्याच डायनिंग टेबलवर बसून आम्ही त्याचा निरोप फोनवर रेकॉर्ड केला. आईने पोहे केले होते, त्याने मिरचीसकट खाल्ले. मी वाक्यं रोमन लिपीत लिहून दिली होती, पण हा गडी माझ्याकडून शिकलेलं वापरून बघणारा. त्याने स्वतःच्या मनाने म्हटलं, “आम्ही हा हॉल राखू.”

मी थांबवलं. म्हटलं, “‘आम्ही’ म्हणालास तर ऐकणारा बाहेर राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे लोक, तू नाहीस. ‘आपण’ म्हण, म्हणजे तोही आत येतो.”

त्याने चमचा खाली ठेवला. “एका शब्दात सगळे आत?” त्याने विचारलं. मग दोन-तीनदा दोन्ही शब्द घोळवले आणि छान, ठसठशीत म्हणाला, “आपण हा हॉल राखू.” आईचे डोळे भरून आले. तिने तो निरोप ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला, अबोल्यातल्या बाईलासुद्धा.

तो निवडून आला. हॉलमध्ये पेढे वाटले गेले.

पुढचे काही महिने तो रेडिओवर फिरकला नाही, ते साहजिकच होतं. मग एकदा मी ऑफिसात जेवत असताना त्याचा फोन आला. बाकी सगळं इंग्रजीत बोलला. बजेट, दुरुस्तीचा खर्च, मंडळींना दुसऱ्या सबर्बमध्ये छान नवी जागा मिळेल, दोनच बस बदलाव्या लागतील. मग थबकला आणि मराठीत म्हणाला, “आम्ही ठरवलंय.”

तिकडून त्याने विचारलं, “बरोबर वापरलं ना? तुम्ही त्यात नव्हता, म्हणून आम्ही.”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

“Thanks, mate. हॉलचं sorry,” तो म्हणाला. त्या दिलगिरीत खोटं काही नव्हतं असं मला आजही वाटतं. संताप यायला हवा होता, तो आला नाही. काहीच आलं नाही. दंतवैद्याकडून बाहेर पडल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी दुपारभर होते. डबा संपवला, अडीचच्या मीटिंगमध्ये बोलले, लोक हसले तेव्हा हसलेही.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. बूट काढता काढताच मी सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, त्याला चार शिव्या घालेल, निदान त्याने खाल्लेले पोहे तरी काढेल, अशी माझी तयारी होती. तिने काड्या बाजूला केल्या आणि विचारलं, “ती नवी जागा लांब आहे का गं?”

“दोन बस.”

“असं होय.”

पुढची जुडी तिने सोडली, तीही पूर्ण निवडून झाली. मी मधे दोनदा चहा विचारला, तिने दोन्ही वेळा नको म्हटलं. गुरुवारऐवजी शनिवारी जमा, मी सोडेन, नाहीतर कोणालातरी गाडीने न्यायला सांगू, असं काहीबाही मी बोलत राहिले. ती मान हलवत होती. मग हात पुसून म्हणाली, “दिवाळीच्या आधीचं तिकीट बघशील? रिटर्न नको काढूस.”

तिला नको जाऊस म्हणायचं मला सुचलं होतं. पण उद्या सकाळी मी ट्रेनने जाणार होते. मी लॅपटॉप उघडला आणि ‘एकेरी’वर टिचकी मारली.