चोवीस की आठ

कॉलेजच्या जिमखान्यात डार्टचा बोर्ड यंदाच आला. त्याआधी मी तो खेळ फक्त मोबाइलवर पाहिला होता, आणि मला वाटायचं की मधल्या लाल ठिपक्यावर नेम बसला की झालं. तसं नसतं. आम्ही तीनशे एकवरून सुरुवात करायचो. एका पाळीत तीन डार्ट, जितके गुण पडतील तितके वजा. शेवटी बरोबर शून्यावर यायचं, आणि तो शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या बारीक रिंगमध्येच बसला पाहिजे. तिथे आकडा दुप्पट होतो. बत्तीस उरले असतील तर सोळाचा दुप्पट हवा. उरले त्यापेक्षा जास्त पडले तर ‘बस्ट’, म्हणजे बाद. हे मला सगळं येत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मुलींच्या टीममध्ये एक जागा उरली होती. त्या जागेसाठी मी आणि शेवटच्या वर्षाची एक मुलगी असा सामना जिमखान्याच्या सरांनी लावला. सर मध्येच ऑफिसात गेले, जाताना फळ्यावर गुण लिहायचं काम माझ्या मैत्रिणीकडे देऊन गेले. ती आणि मी शाळेपासून एका बाकावरच्या. दोघी दिंडोशीच्या, दोघी सोसायटीच्या गच्चीवर कॅरम खेळून मोठ्या झालेल्या.

माझे चोवीस उरले होते. पहिला डार्ट आठवर बसला, उरले सोळा. आठचा दुप्पट मारायला गेले तर साधा आठच पडला. उरले आठ. आता चारचा दुप्पट. डार्ट शेजारच्या अठरात गेला.

“बस्ट!” मैत्रीण म्हणाली आणि फळ्यावर आठ तसेच ठेवले. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. कॅरममध्ये स्ट्रायकर आत गेला तर एक सोंगटी परत ठेवतो, आधीच्या घेतलेल्या कुठे परत करतो? चुकलेला डार्ट रद्द, बाकीचे आपले. समोरच्या मुलीचे बत्तीस उरले होते. तिचे तिन्ही डार्ट रिंगच्या बाहेर गेले. पुढच्या पाळीत मी चारचा दुप्पट मारला आणि जिंकले. तिने हात मिळवला, “मस्त खेळलीस गं,” म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

घरी आईने शिरा केला. बाबा अंधेरीच्या एका कंपनीत पॅकिंगला आहेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे माझं काहीही झालं की ते आधी कंपनीत जाहीर होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपला काढता काढताच ते मालवणीत म्हणाले, “सगळ्यांका सांगितलंय, माझा चेडू कॉलेजाच्या टीमात हा.”

त्याच रात्री जेवणानंतर मी स्पर्धेचे नियम मोबाइलवर उघडले. स्पर्धेत फजिती नको, एवढंच मनात होतं. बस्ट झाल्यास त्या पाळीतले सर्व डार्ट बाद, खेळाडूचे गुण पाळीच्या सुरुवातीला होते तेवढेच राहतात. मी ते वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे माझे आठ नव्हते. चोवीस होते.

सकाळी मैत्रिणीला दाखवलं.

“गप्प बस ना यार,” ती म्हणाली. “कोणाला कळलंय? तिला तरी कळलं का?”

“तिला कळलं नाही म्हणूनच तर.”

“आणि वाट माझी लागणार! लिहिलं मी. सर मला काय म्हणतील?”

स्पर्धेसाठी टीमची यादी दुपारी पाठवायची होती. अकाउंट्सच्या तासाला बसले, पण फळ्यावरचं काही वहीत उतरलं नाही. एकदा वाटलं, नियम त्या मुलीलाही माहीत असायला हवा होता, चूक तिचीही. एकदा वाटलं, तिचं शेवटचं वर्ष आहे, मला अजून दोन आहेत. मग स्वतःचाच राग आला, कारण वर्षं मोजून काही खरं-खोटं ठरत नाही. पाणी प्यायला म्हणून बाहेर पडले आणि पाणी न पिता परत आले. तास संपायच्या आतच दप्तर भरून उठले.

सरांनी ऐकून घेतलं. मैत्रिणीचं नाव मी घेतलं नाही, ‘आमची चूक’ म्हटलं. ते म्हणाले, “मी तिथे थांबायला हवं होतं.” त्यांनी त्या मुलीला बोलावून घेतलं. जिथे चुकलं तिथूनच पुढे खेळायचं, असं ठरलं. माझे चोवीस, तिची पाळी हुकलेली म्हणून तिचे बत्तीसच, आता पाळी माझी. फळ्यापाशी पुन्हा मैत्रीणच.

“वेडी आहेस का गं?” ती मुलगी मला हळूच म्हणाली. “मी तर हरले म्हणून घरी सांगूनसुद्धा मोकळी झाले होते.”

मी आठवर नेम धरला, बसला शेजारच्या सोळात. उरले आठ. दुसरा बाहेर. तिसऱ्याच्या आधी हात कुर्त्याला पुसला. डार्ट तेरावर बसला. बस्ट. मैत्रिणीने माझ्याकडे न बघता फळ्यावर चोवीस लिहिले.

त्या मुलीचा पहिला साध्या सोळात. दुसरा आठच्या दुपटीत, अगदी तारेला चिकटून. ती ओरडली, मग माझ्याकडे बघून डार्ट काढायला बोर्डाकडे वळली.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. ती जागा मला हवी होती, आणि सर यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारत होते तेव्हाही हवी होती. मैत्रीण जिन्यापर्यंत सोबत आली. बाबा घरी यायला अजून चार तास होते. त्यांना उद्या कंपनीत काय सांगावं लागेल, त्याची वाक्यं मी तिथेच जुळवायला लागले, पण एकही धड जमेना.