जावेपेक्षा मोठी गाडी

सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत चारचाकी चालवणारी पहिली बाई म्हणजे उर्वशी. रामाकोन्याला माहेरी असताना ती बापाचा ट्रॅक्टर वखरापासून ट्रॉलीपर्यंत सगळ्याला जोडून चालवायची. लग्न होऊन राजूच्या घरी आली तेव्हा दारात एक जुनी व्हॅन उभी होती. राजूचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान. पाइप, केबल, जळालेल्या मोटारी असा सगळा पसारा त्या व्हॅनमधून फिरायचा. वर्षभरात व्हॅनची चावी उर्वशीच्या कमरेला आली ती आलीच.

घरात माणसं सात. राजू आणि ती, मुलगी अपर्णा, मुलगा वैभव, सासरे रघुनाथराव, सासू शकुबाई आणि राजूची आत्या सुशीला, जी नवरा गेल्यापासून भावाकडेच राहत होती. सातही जण त्या व्हॅनमध्ये मावायचे. सरकता दरवाजा अर्ध्यात अडकायचा, चढावर इंजिन कण्हायचं, पण उर्वशीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते चंचलच्या दारात काळी गाडी आली तेव्हापासून.

चंचल तिची धाकटी जाऊ, नागपूरची. दीर अंकुर पांढुर्ण्याला संत्र्याचा व्यापार करायचा. बागा घ्यायचा, माल तोडून ट्रकनं दूरदूर पाठवायचा. त्याचं चांगलं चाललं होतं आणि ते दिसतही होतं. लग्न झाल्यापासून असंच घडत आलेलं. घरात मिक्सर आधी उर्वशीनं आणला, चंचलनं नंतर पण चांगला आणला. उर्वशीनं खोलीला रंग दिला, चंचलनं आख्खं घर नवीन केलं. उर्वशी रोज संध्याकाळी सासूच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि शकुबाई डोळे मिटून पडून राहायची. चंचल महिन्यातून एकदा यायची आणि शकुबाईचा चेहरा अंगणात दिवा लावल्यासारखा व्हायचा. उर्वशी हे कुणाजवळ बोलली नाही. बोलायचं तरी काय, की सासूनं माझ्याकडे पाहून तसं हसावं?

काळी गाडी आली त्या शनिवारी सगळे मिळून जामसावळीच्या हनुमानाला निघाले. उंच, चौकोनी, जीपसारखी एसयूव्ही. बोनेट एवढं की पुढून वैभव दिसतच नव्हता. अंकुरनं आईला पुढच्या सीटवर बसवलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या, आणि शकुबाईनं काच खाली करून एकेकीला सांगितलं, की ही आमच्या अंकुरची गाडी. उर्वशी मागं व्हॅनमध्ये बाकीच्यांना घेऊन. रस्ताभर तिला पुढं फक्त ती काळी पाठ दिसत होती. आपण व्हॅन चालवतो याची तिला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

त्या दिवसापासून तिनं राजूच्या मागं लागायला सुरुवात केली. आपल्याले गाडी बदलवायची हाये. राजू म्हणायचा, चालून तं राहिली. मग म्हणायला लागला, बदलवू, पण मोठी नवी व्हॅनच घेऊ. सात माणसं पाय पसरून बसतात, वेळ पडली तर मागची सीट काढली की पाइपही जातात. उर्वशीला ते पटायचं, आणि पटतं म्हणूनच राग यायचा. पांढुर्ण्याला चंचलच्या ओट्यासमोर सरकता दरवाजा उघडून आपण उतरतोय असं चित्र तिच्या डोळ्यासमोर यायचं, आणि तिथंच विषय संपायचा. तिला एसयूव्ही हवी होती. काळी, उंच, चंचलच्या गाडीपेक्षा वीतभर का होईना, मोठी. दुपारी सगळे आडवे झाले की ती मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहत बसायची.

संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी पिकाची, तोडणी संपली, राजूच्या दुकानाचीही धावपळ उरकली, तेव्हा घरातले सातही जण नागपूरला गाड्या पाहायला गेले.

पहिल्या शोरूममध्ये राजूला हवी ती व्हॅन होती. सुशीला आत्या मधल्या सीटवर मांडी घालून बसली आणि उतरायचं नाव घेईना. अपर्णा, वैभव शेवटच्या सीटवर ऐसपैस. रघुनाथराव म्हणाले की इथं तर डबाही खाता येईल. उर्वशी बाहेर उभी राहून दरवाजा सरकवून पाहत होती. दरवाजा लोण्यासारखा सरकत होता, एकदाही अडकला नाही. ती म्हणाली, "शाळेची गाडी वाटते." आणि पुढं निघाली.

दुसऱ्या शोरूममध्ये तिची एसयूव्ही होती. अंकुरच्या गाडीहून लांब, अंकुरच्या गाडीहून काळी. उर्वशीनं बोनेटवर हात ठेवला आणि हात उचलावासा वाटेना. पण शकुबाईचा पाय पायरीपर्यंत गेला, वर काही उठेना. शोरूमच्या पोरानं कोपर धरलं, राजूनं दुसरा दंड धरला. शकुबाई दोनदा प्रयत्न करून खाली टेकली आणि म्हणाली, "राहू दे बावा. मी इथंच बसते, तुम्ही फिरून या." गाडी फिरवायला गेले तर शेवटच्या सीटवर अपर्णाचे गुडघे हनुवटीला लागत होते. वळणावर गाडी अशी डोलली की रघुनाथरावांनी खिडकी उघडून लांब श्वास घेतला. उर्वशीनं हे सगळं पाहिलं आणि तरीही तिची नजर बोनेटवरच होती.

शोरूममध्ये परत येताना मात्र तिच्या मनात एक गोष्ट आली. सासूला या गाडीत चढता येत नाही, म्हणजे अंकुरच्या गाडीतही चढता येत नसणार. दर वेळी तिला ओढून वर घेत असतील. आपल्याकडे अशी गाडी असली की जिच्यात आई कुणाचा हात न धरता बसतील, तर मग आई कुणाच्या गाडीचं कौतुक करतील? हा विचार तिला एवढा गोड लागला की एसयूव्हीवरचं तिचं मन तिथल्या तिथं उठलं.

तिसऱ्या ठिकाणी अमित नावाचा सेल्समन होता. त्यानं सात माणसं पाहिली, शकुबाईची चाल पाहिली, आणि सरळ एका लांबट गाडीजवळ नेलं. ती व्हॅन नव्हती, दरवाजे साध्या कारसारखे उघडत होते. एसयूव्हीही नव्हती. अमितनं समजावलं, की एसयूव्ही ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली असते म्हणून उंच असते आणि डोलते. ही बांधली आहे कारसारखीच, फक्त अंगानं मोठी, तीन रांगांची. हिला क्रॉसओव्हर म्हणतात. शकुबाईनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिनं गाडीकडे पाठ केली, घरच्या खाटेवर बसते तशी सीटवर टेकली, आणि दोन्ही पाय आत घेतले.

"हेच," उर्वशी म्हणाली.

राजूनं तिच्याकडे पाहिलं. घरात महिनोन् महिने एसयूव्ही एसयूव्ही करणारी बाई. त्यानं विचारलं, पक्कं ना. ती म्हणाली, आईंचं सुख पहिले. अमित म्हणाला की सून असावी तर अशी. सुशीला आत्यानं पदरानं डोळे पुसले. उर्वशीनं मान खाली घातली आणि ते सगळं कौतुक गुपचूप घेतलं.

गाडी आली ती गडद लाल. पहिली मोठी फेरी पांढुर्ण्याचीच झाली, कारण अंकुरनं संत्री निवडायला, पॅक करायला नवी शेड बांधली होती आणि तिची पूजा होती. उर्वशी नवं लुगडं नेसून स्वतः गाडी चालवत गेली. शेडसमोर तिनं गाडी मुद्दाम अंकुरच्या काळ्या गाडीला लागून उभी केली. लांबीला तिचीच जास्त भरली.

चंचल धावत बाहेर आली. गाडीभोवती फिरली, आत डोकावली, सीटवरून हात फिरवला. म्हणाली, "ताई, खूप छान घेतली तुम्ही." तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जळणं नाही, लपवणं नाही. उर्वशीला वाटलं आपण मोठा दगड उचलून फेकला आणि तो कापसात पडला. त्यात चंचलची एक शेजारीण येऊन विचारून गेली की व्हॅन बदलवून नवी व्हॅन घेतली काय. उर्वशीनं तिला क्रॉसओव्हर म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. शेजारीण मध्येच प्रसाद घ्यायला निघून गेली.

पूजा, जेवणं आटोपली. परतताना दोन्ही गाड्यांनी जामसावळीला दर्शन घ्यायचं ठरलं. उर्वशीनं लाल गाडीचा पुढचा दरवाजा उघडून धरला. शकुबाई हळूहळू चालत आली आणि त्या दरवाजासमोरून तशीच पुढं गेली. काळ्या गाडीशी थांबली. चंचलनं डिकीतून एक लहानसा प्लॅस्टिकचा स्टूल काढला, खाली ठेवला, हलत तर नाही ना पाहिलं, आणि आपला खांदा पुढं केला. शकुबाई स्टुलावर, स्टुलावरून पायरीवर, पायरीवरून सीटवर. दम लागला होता, पण हसत होती. तो खास तिच्यासाठी घेतलेला स्टूल होता आणि खास तिच्यासाठी पुढं केलेला खांदा.

उर्वशीच्या उघड्या दरवाजातून मग सुशीला आत्या आत बसली.

जामसावळीपर्यंत उर्वशीनं गाडी काळ्या गाडीच्या मागंच ठेवली. मागच्या सीटवर पोरं हसत होती, एसी चालू होता, गाडी पाण्यावरून जावी तशी जात होती, आणि तिला त्यातलं काही नको होतं. देवळाबाहेर शकुबाई पायरीवर टेकली तेव्हा उर्वशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत सासूला तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

"आई, माझ्या गाडीत तुम्हाले चढाचा त्रास नाई. मंग तिच्याच गाडीत काहून बसल्या?"

शकुबाई गुडघे चोळत होती. म्हणाली, "तुझ्या गाडीत तं मी रोजच बसीन, पोरी. चंचल दूर राहते. तिच्या गाडीत मी नाई बसली तं ते मले घ्यायले कायले येईन?"

दुसऱ्या कुणाला या उत्तरानं बरं वाटलं असतं. उर्वशीला नाही वाटलं. रोजचं असणं हेच तर तिला सलत होतं. तिला एकदा तरी असं कुणी व्हायचं होतं की जिच्यासाठी सासू दम लागेपर्यंत वर चढेल. तिनं "बरं" म्हटलं आणि नारळ घ्यायला गेली.

उन्हाळ्यात चंचलचा फोन आला. तिची आई नागपूरला घरात पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि बरी होईपर्यंत तिला पांढुर्ण्याला आणायचं होतं. अॅम्ब्युलन्सचं नाव काढलं की आई रडते. काळ्या गाडीत तिला चढवणं शक्य नाही. ताई, तुमची गाडी मिळेल का?

गाडी वर्कशॉपला दिली आहे असं सांगणं सोपं होतं. ते वाक्य उर्वशीच्या ओठापर्यंत आलंही. पण त्यामागून दुसरा विचार आला, की चंचलला आपली गाडी लागली. शेवटी लागली. ती म्हणाली, गाडी देत नाही, मीच घेऊन येते.

नागपूरहून निघताना म्हातारी मधल्या सीटवर उशा लावून टेकली आणि सावनेर यायच्या आत झोपली. चंचल पुढं येऊन बसली. बराच वेळ ती उर्वशीचे हात पाहत होती, गिअरवरचे, स्टिअरिंगवरचे. मग हळू आवाजात बोलायला लागली. अंकुरला तिनं आधीच म्हटलं होतं, आपण दोनच माणसं, तुमच्या आई चढू शकत नाहीत, जरा बुटकी गाडी पाहू. तो म्हणाला होता की व्यापाऱ्याची गाडी लांबून दिसायला पाहिजे. एका दुपारी गाडी थेट दारात आली.

"मला रंगसुद्धा कोणी विचारला नाही, ताई," चंचल म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना घेऊन गेल्या, स्वतः निवडली, स्वतः चालवून राहिल्या. पूजेच्या दिवशी तुम्ही आल्या ना, मी रात्रभर जळत होती."

उर्वशीला आधी आनंद झाला. खरा, स्वच्छ आनंद, इतका की तिला हसू दाबावं लागलं. ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं. मग तिनं शेजारी पाहिलं. चंचल खिडकीबाहेर पाहत होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तो आनंद काही पुढं सरकेना. गिअर बदलत तिनं विचारलं, "गाडी शिकतं का?"

पावसाळ्याआधीच्या एका रविवारी बोरगावच्या कारखान्यांकडच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. सुरुवातीला चंचल क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडवायची आणि दोघी हसायच्या. अंकुर कुरकुरला, पण वहिनीपुढं त्याचं चाललं नाही. उर्वशीनं तिला चढावर गाडी कशी धरायची ते शिकवलं, आरशात कसं पाहायचं ते शिकवलं. आपल्याला एवढं येतं हे सांगताना तिची छाती भरून यायची. चंचल प्रत्येक गोष्टीला "हो ताई" म्हणायची.

चंचल फार लवकर शिकली. उर्वशीला इतक्या वर्षांनीही रिव्हर्स घेताना दोनदा पुढंमागं करावं लागायचं. चंचल एका दमात गाडी रेषेत लावायला लागली. एका रविवारी ती अंकुरची काळी गाडी एकटी चालवत पांढुर्ण्याहून सौंसरला आली, अरुंद गल्लीत उलटी घातली, आणि दाराशी अशी लावली की भिंतीला हात लावता यावा. शकुबाई ओट्यावर उभी होती. तिनं शेजारच्या बाईला हाक मारून दाखवलं, की आमची चंचल कशी गाडी चालवून राहिली ते पाहा. कुणी शिकवलं ते सांगायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

उर्वशी दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. तोच जुना हेवा परत आला. आता त्याची तिला ओळख होती, एवढाच काय तो फरक. चंचल गाडीतून उतरून सरळ तिच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, वळणावर हात कापत होते माझे."

"दिसलं नाई," उर्वशी म्हणाली, आणि तिला चहा ठेवायला आत गेली.