पाण्यात ठेवलेला देव

तुझा देवावर विश्वास आहे का, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी सरळ हो म्हटलं नसतं. दिवा रोज लावायचे, पण तो माहेरी लावत होते आणि सासरी लावतात म्हणून. जर्मनीत, आउग्सबुर्गमधल्या आमच्या घरी देवघर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा. त्यात सासूबाईंनी लग्नात दिलेला पितळी गणपती बसलेला. एका बाजूला चहाचे डबे, दुसऱ्या बाजूला पापड. त्याची कधी तक्रार नव्हती आणि माझं कधी मागणं नव्हतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना देवाशी एवढीच ओळख पुरते.

ही गोष्ट २००८ सालची. माझे यजमान इथल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. ही कंपनी जहाजांची डिझेल इंजिनं बनवते, आणि कुठे इंजिन कुरकुरलं की ह्यांना बॅग उचलून त्या बंदरावर जावं लागे. त्या शरद ऋतूत कोचीला एका मालवाहू जहाजाचं इंजिन दुरुस्त केल्यावर, ते नीट चालतंय की नाही हे बघायला सुएझपर्यंत त्याच जहाजाने या, असं ह्यांना सांगण्यात आलं. निघताना ह्यांचा मेसेज आला, ‘जहाजभर मिरी आहे, शिंकत शिंकत येतो.’ मी हसले. वाटेत एडनचं आखात लागतं आणि तिथे सोमाली चाचे जहाजंच्या जहाजं पळवून नेताहेत, हे रोज बातम्यांत दिसत होतं. पण बातम्यांतली संकटं आपल्या घरचा पत्ता विचारत येतील, असं कुणाला वाटतं?

मग एका सकाळी कंपनीतून फोन आला. जहाजाशी संपर्क होत नाही, पण काळजीचं कारण नाही. दुपारी पुन्हा तोच फोन, पुन्हा काळजीचं कारण नाही. संध्याकाळी तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी काय ते ओळखलं. कारण नसलेली काळजी कुणी तीन-तीनदा फोन करून कळवत नाही. फोन वाजला तरी भीती, वाजला नाही तरी भीती. बाथरूममध्ये जाताना फोन बरोबर न्यायचे. भात कुकरमध्ये तसाच राहिला. ह्यांचा कोट खुंटीवर होता, त्याच्याकडे बघवेना. तो काढून ठेवावा तर तेही अशुभ वाटायचं.

दापोलीजवळच्या आमच्या गावी सासूबाईंना कळवलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “हे बघ, मी इथे देव पाण्यात घालून बसले आहे. तूही घाल. तो परत येईस्तोवर बाहेर काढायचा नाही.” एरवी मी हसले असते. त्या दिवशी मात्र गणपती उचलला आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवला. हात जोडले आणि नवस बोलायला सुरुवात केली. आधी सोळा सोमवार बोलले. तासाभराने ते कमी वाटले, म्हणून चहा सोडला. मध्यरात्र व्हायच्या आत चांदीचा मुकुटही कबूल केला होता. लिलावात बोली चढवत न्यावी तशी मी एकटीच चढवत होते, कारण समोरून काहीच उत्तर येत नव्हतं. पाण्याखालून तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता, आणि खरं सांगते, मला त्याची भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. घरात बसले असते तर वेडी झाले असते. काम तरी कसलं, तर एका छोट्या संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगायचं. पाचशे वर्षांपूर्वी याच शहरातले सावकार मलबारच्या मिरीवर पैसा लावायचे. पोर्तुगालहून जहाजं निघायची, आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात पोचायची, आणि परत येईपर्यंत दीड-दोन वर्षं जायची. आली तर सोनं. नाही आली तर गेली. म्हणून हे सावकार सगळा पैसा कधी एका जहाजात घालायचे नाहीत, चार जहाजांत थोडा थोडा विभागायचे. इथे कुणीतरी हमखास विचारतं, मग बुडालेल्या जहाजांचं काय? आणि माझं ठरलेलं उत्तर असे, “काही नाही, उरलेल्या मिरीचा भाव वाढायचा.” लोक खूश होऊन हसायचे.

त्या दिवशीही तोच प्रश्न आला. सावकाराचा पैसा चार जहाजांत होता. माझं सगळं एकाच जहाजात होतं. आणि बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांच्या घरी कुणीतरी माझ्यासारखंच बसलं असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी पाहुण्यांची माफी मागितली, बाहेर अंगणातल्या बाकावर जाऊन बसले आणि हमसून हमसून रडले.

त्या घोळक्यातली एक म्हातारी काठी टेकत माझ्या मागोमाग आली. शेजारी बसली, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि पिशवीतून अर्धा ब्रेत्सेल, इथला खारा पाव, काढून माझ्या हातात ठेवला. “आल्झो, चला, आधी खा.” तिच्या लोकांची बस निघायची वेळ झाली होती. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, “जाऊ दे. ते बिअर प्यायला चाललेत. मी वाइनच्या गावची आहे.” का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. नवरा, जहाज, चाचे, पातेल्यातला गणपतीसुद्धा. वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिच्या गावीही म्हणे द्राक्षवाल्यांचा एक संत होता. त्याच्या सणाच्या दिवशी पाऊस पडला की गावकरी चिडून त्याची मूर्ती हौदात बुडवायचे.

“मग द्राक्षं चांगली यायची?” मी विचारलं.

“कधी यायची, कधी नाही. संत मात्र दर वेळी भिजायचा.”

मग तिने स्वतःचं सांगितलं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर आचारी होता. एका हिवाळ्यात जहाज गेलं ते गेलंच. “मीसुद्धा देवाशी सौदा केला होता. गेनाऊ, अगदी तुमच्यासारखाच. तो आला नाही, तेव्हा मला वाटलं देवाने फसवलं. कित्येक वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. नवरा गेला होताच, त्यात बोलायलाही कुणी उरलं नाही.” तिने माझा हात दाबला. तिचा हात खडबडीत आणि गरम होता. “देवाला काही देऊ नका. नुसतं सांगा, मला भीती वाटते.” मी तिचं नावही विचारलं नाही. टॅक्सीत बसवून दिलं, तेवढंच.

घरी आले. गणपती बाहेर काढायला पातेल्यात हात घातला. सासूबाईंनी बजावलं होतं. काढला आणि काही झालं तर? तो दोष जन्मभर माझ्या माथी राहिला असता. तरी काढला. पंच्याने पुसला, जागेवर ठेवला, दिवा लावला. मुकुट, सोमवार, चहा, सगळं परत घेतलं. म्हटलं, “मला फार भीती वाटते. ते येतील की नाही मला माहीत नाही. तू बरोबर राहा.” भीती गेली नाही. पण इतका वेळ मी एकटीच घाबरले होते, ते एकटेपण गेलं. त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून ह्यांचा आवाज आला. “अगं, जिवंत आहे. जेवलीस का?” आखातात शिरल्यावर इंजिन बंद पडलं होतं. कॅप्टनने सगळे दिवे मालवले आणि रेडिओवर बोलणंही थांबवलं. अंधारात जहाज नुसतं तरंगत होतं, खाली हे बॅटरी तोंडात धरून पंप खोलत होते. चाच्यांच्या होड्या जवळून गेल्या, त्यांचे आवाजही ऐकू आले, पण हे जहाज त्यांना दिसलं नाही. दिसलं ते मागून येणारं, दिवे लावलेलं दुसरं जहाज. “रेडिओवर एक पोरगा एकच वाक्य सांगत होता, ते वर चढताहेत, ते वर चढताहेत. मग आवाज बंद झाला.” एवढं सांगून ह्यांनी फोन ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, बघ, पाण्यातल्या देवाने सोडवलं. हिशेब केला तर ते खरंही होतं. होड्या गेल्या तेव्हा गणपती अजून पातेल्यातच होता. मी वाद घातला नाही. पण तो पोरगा माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या आईनेही काहीतरी नवस बोलला असेलच की! माझी बोली तिच्यापेक्षा मोठी होती म्हणून माझा माणूस सुटला, असं मानायला माझं मन तयार होईना. ज्याला असं विकत घेता येतं त्याच्यापुढे मला दिवा लावायचा नव्हता.

त्या हिवाळ्यात आम्ही गावी गेलो आणि देवळात अभिषेक करायचं ठरलं. हे आयुष्यात कधी सोवळं न नेसलेले, पण त्या दिवशी पाटावर बसले. संकल्प सोडताना गुरुजींनी विचारलं, “कुणाच्या नावाने?” मला वाटलं, हे स्वतःचं नाव सांगतील. हे म्हणाले, “आमच्या मागच्या जहाजावर जी माणसं होती त्यांच्या. अजून सुटली नाहीत ती.”

“नावं? गोत्र?”

“माहीत नाही.”

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गुरुजी म्हणाले, “ज्यांचं गोत्र ठाऊक नाही त्यांचं काश्यप म्हणायचं असतं,” आणि त्यांनी मंत्र सुरू केला. ह्यांनी हातावरून पाणी सोडलं. मी ह्यांच्या हाताला हात लावून बसले होते. मी काहीही मागितलं नाही. माझं माणूस माझ्या शेजारी होतं, याबद्दल मी देवाचे आभार मानले, आणि त्या अनोळखी काश्यपांसाठी पहिल्यांदाच मनापासून हात जोडले.