आईच्या हातचं लेबल

तत्त्वज्ञान हा विषय मी आवडीनं घेतला, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. खरी गोष्ट अशी की अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि खिडकीतला कारकून म्हणाला, तत्त्वज्ञानाला आहे, लिहू का? मागं रांग होती, मी मान डोलावली. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात आमच्या वर्गात सातजण होते आणि त्यातले दोघं फक्त हजेरीपुरते यायचे. पण सर फार चांगले होते. सातजणांना शिकवतानाही सत्तरजणांसमोर उभे असल्यासारखे बोलायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की वापरला नाही तर विचार शोकेसमधल्या कपबशीसारखा राहतो, दिसतो छान, पण चहा त्यातून कुणी पीत नाही.

एस. वाय. ला असताना त्यांनी आम्हाला एक नियम शिकवला. कुणा परदेशी तत्त्ववेत्त्याचा होता. कुठलीही गोष्ट करण्याआधी विचारायचं, की हीच गोष्ट सगळ्यांनी करायची ठरवली तर चालेल का? चालणार नसेल तर आपणही करायची नाही, अडचण कितीही असो. अपवाद नाही. मला तो नियम इतका आवडला की कॉलेजातून अंबरनाथपर्यंत चालत येताना मी दिसेल त्याला तो लावून बघत होते. रांग मोडणारा माणूस नापास, वजनात मारणारा भाजीवाला नापास, विदाउट तिकीट जाणारी माझी मैत्रीण तर केव्हाच नापास. सरांनी दिवाळीच्या सुट्टीत चार पानं लिहून आणायला सांगितली होती. हा नियम स्वतःच्या घरातल्या एखाद्या गोष्टीला लावायचा आणि काय निघतं ते प्रामाणिकपणे लिहायचं.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, चाळीतल्या दोन खोल्या. बाबा कारखान्यात हेल्पर. आई बदलापूरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. घराला हातभार म्हणून ती उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सचं काम आणायची. शिवमंदिराच्या बाजूनं चालत जायची आणि डोक्यावर पँटींचं गाठोडं घेऊन परत यायची. काम देणारी एक सिंधी बाई होती, नवऱ्याबरोबर घरातच कारखाना चालवायची. आई तिला भाभी म्हणायची. सुटे धागे कापायचे, बटणं लावायची, आणि शेवटी कंबरेवर मागच्या बाजूला लेबल हातानं शिवायचं. जाड कापडातून सुई निघावी म्हणून आई दोऱ्याला मेण चोळायची. कामाच्या दिवसांत तिच्या बोटांची टोकं निळी असायची आणि भाकरी थापताना ती दोनदा हात धुवायची.

लेबलाचं काम तिला सगळ्यांत आवडायचं. त्यावर पंख पसरलेला गरुड होता. चाळीतल्या दुसऱ्या बायकांची लेबलं तिरकी बसायची, आईची कधीच नाही. भाभी तिचं काम इतरांना दाखवायची.

सुट्टीतल्या एका दुपारी मी वही उघडून तिच्यासमोर बसले होते. घरात काय निवडावं ते सुचत नव्हतं. तिनं चार पँटी संपवून पाचवी घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर तो गरुड आला. खाली इंग्रजीत अमेरिकेतल्या एका शहराचं नाव होतं आणि पँट तिथं बनल्याचं लिहिलं होतं. इतके दिवस मी ते बघत होते, पण वाचलं नव्हतं. मला अक्षरशः आनंद झाला. माझी चार पानं सापडली होती.

मी आईला विचारलं, हे लेबल कशाचं आहे माहीत आहे का? ती म्हणाली, भाभीच्या कारखान्याचं. तिच्या माहेरी झोडणीनंतर भाताच्या गोणीवर ज्याची त्याची खूण करायचे, म्हणजे कुणाचा भात ते लगेच कळायचं. आजोबांची खूण होती सूर्य. भाभीची खूण पक्षी, असं तिनं आपल्या मनाशी धरलं होतं. दोन वर्षं ती ही खूण सरळ बसवत होती, कारण आपल्या माणसाची खूण वाकडी बसली तर बरं दिसत नाही.

"काय लिवलंय त्याच्यावर?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. वर मराठीतून समजावलं. मग उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा नियमही सांगितला. सगळ्यांनीच खोट्या खुणा लावल्या तर कुणाच्याच खुणेला अर्थ राहणार नाही, म्हणून हे करणं चूक. आजोबांच्या गोणीचंच उदाहरण दिलं. शेजाऱ्यानं आपल्या भातावर आजोबांचा सूर्य काढला असता तर? आई ऐकत होती. मला वाटलं, किती छान समजावतेय मी.

तिनं हातातली पँट संपवली नाही. सुई काढून कापडात टोचून ठेवली आणि चहाला आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन भाभीकडे गेली आणि सांगून आली, की धागे कापीन, बटणं लावीन, लेबल लावणार नाही. भाभी आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की ही गंमत करत नाहीये. ती वाईट बाई नव्हती. फाळणीत सगळं मागं टाकून आलेल्या घरात वाढलेली होती आणि शिलाई मशीनच्या जोरावर तिनं तीन मुलं शिकवली होती. "बहन, लेबल के बिना बाजार में कौन हाथ लगाएगा?" एवढंच ती म्हणाली. तिच्या बोलण्यातही खोट नव्हती. शिलाई तीच, कापड तेच, पण गिऱ्हाईक आधी कंबर उलटी करून बघायचं. शेवटी पूर्ण काम करणारी बाई तिला चाळीतच मिळाली आणि आईचं काम कमी होत होत बंद झालं.

मी चार पानं लिहिली. आईचं काम, गोणीवरचा सूर्य, आणि तिनं घेतलेला निर्णय. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. म्हणाले, वापरलेला विचार म्हणजे हा. त्या दिवशी मी घरी आले ती जमिनीपासून चार बोटं वरून. आईला सांगितलं की सरांनी तुझं कौतुक केलं. तिला इतका आनंद झाला की तिनं बाबांना माझ्याकडून सगळं पुन्हा सांगायला लावलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, आता कॉलेजची फी तत्त्वज्ञान भरणार का? त्यांनी ते हसत विचारलं होतं.

उत्तर आईनंच काढलं. आनंदनगरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती पॅकिंगला जाऊ लागली. घरात मांडी घालून, रेडिओ ऐकत, शेजारणींशी बोलत करायचं काम गेलं. आता आठ तास सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून बाटल्यांना बुचं लावायची. संध्याकाळी तिचे पाय सुजलेले असायचे. मी कोमट पाण्यात मीठ घालून द्यायचे आणि शेजारी बसून अभ्यास करायचे. तिनं एकदाही म्हटलं नाही की तुझ्यामुळं. मलाही ते सुचलं नाही, याची आज लाज वाटते. मी तेव्हा नियम बरोबर की चूक याचाच विचार करत होते. पाय कुणाचे सुजतात, हे त्या नियमात कुठंच नव्हतं.

जानेवारीत कॉलेजचे डेज आले. एका दिवशी सगळ्या मुली जीन्स घालून येणार होत्या. माझ्याकडे नव्हती. मी हट्ट केला नाही, फक्त दोन दिवस बोलले नाही. आईला तेवढं पुरलं. रविवारी ती पायी भाभीकडे गेली. भाभीनं जुनं काही मनात ठेवलं नव्हतं. बेटीसाठी म्हणून एक नवी पँट दिली, चहा पाजला आणि कामावर परत ये म्हणून आग्रहही केला. आईनं चहा घेतला, पँट घेतली, कामाचं नाही म्हणून आली. घरी तिनं पँट माझ्या मापाची केली. कंबर आत घेतली, पायांना दुमड घातली. माझ्यासाठी इतकं नेमकं काही तोवर कुणी शिवलं नव्हतं.

डेच्या दिवशी सकाळी मी ती घातली आणि कपाटाच्या आरशात वळून बघितलं. मागं कंबरेवर कोरं कापड होतं.

"ह्याला लेबल नाही?" मी विचारलं.

भाभीनं ते खिशात घालून दिलं होतं. आईनं काढून बटणांच्या डब्यात ठेवलं होतं. तिला वाटलं होतं, मला असंच हवं असेल. मी म्हणाले, सगळ्यांच्या जीन्सला असतं, बघतात गं मुली मागं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. त्या सकाळी ती मला अजिबात आठवली नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी ताप आहे का ते बघायला कपाळावर हात ठेवायची, तेव्हा पाहायची तसं.

"लावू?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

पहिल्या पाळीला जायची तिची वेळ झाली होती. डबा भरून दाराशी ठेवलेला होता. ती परत खाली बसली, बटणांचा डबा शोधला, दोऱ्याला मेण चोळलं. मी पँट अंगातून काढली नव्हती, म्हणून मला पाठमोरं उभं करून ती गुडघ्यावर बसली आणि सुई लागू नये म्हणून एक हात कापडाच्या आत घालून टाके घालत राहिली. तिचा श्वास मला कमरेवर जाणवत होता. जे करायला तिनं पोटासाठीही नकार दिला होता, ते ती माझ्यासाठी करत होती. हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. राहू दे म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण मला ती जीन्स हवी होती.

तिनं दोरा दातानं तोडला, लेबलावरून अंगठा फिरवून ते सरळ बसलंय का ते पाहिलं आणि उठली.

"बाय, तुज्या सरांना नको सांगू," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना वाटंल, आपण नुसतंच लिवलं."

मग डबा उचलून ती कामाला गेली.